सायलस ब्रॉडहर्स्टच्या पायाशी झोपवलेली तेरा इंच जास्तीची गोष्ट

मी, थर्झा मेरी नॅन्कॅरो, वय वर्षे एक्याऐंशी, अविवाहित, राहणार जुनी तटरक्षक चाळ, घर क्रमांक चार, पोर्थवेडन, कॉर्नवॉल, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल, तर चर्चच्या आवारातल्या दोनशे चौदा थडग्यांपैकी कोणत्याही थडग्यावरचा मजकूर मला विचारावा. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती पाच आहेत आणि पाचही रागाच्या भरात लिहिलेली आहेत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लव्हडे टँगी हिने करावी. ती पाथरवट आहे, शेजारी राहते आणि कमी बोलते.

कलम २. माझी हत्यारे लव्हडेला द्यावीत: मऊ केसांचे तीन ब्रश, पाण्याची फवारणी, गुडघ्याखाली घ्यायची उशी आणि न्हाणीघरातला मोठा आरसा. झिजलेली अक्षरे वाचायला आरशाने ऊन तिरके पाडावे लागते. चाळीस वर्षे मी हा आरसा काखेत मारून थडग्यांतून हिंडले. गावाला वाटायचे, म्हातारी मेलेल्यांना वेणीफणी करायला जाते.

कलम ३. माझा चुलतभाऊ डिगरी नॅन्कॅरो यास तारेचा ब्रश द्यावा. हा त्याचाच आहे. स्मारक समितीने बसवलेल्या पितळी पाटीच्या अनावरणाआधी आमच्या खापरपणजोबांचा दगड 'चकचकीत' करायला त्याने तो वापरला आणि दीडशे वर्षांच्या वाऱ्यापावसाला जे जमले नव्हते ते एका सकाळीत उरकले. मी तो जप्त केला होता. तेव्हापासून आमच्यात नाताळच्या शुभेच्छांपुरतेच संबंध आहेत.

कलम ४. आता खापरपणजोबा. खरे तर हे मृत्युपत्र त्यांच्यासाठीच आहे, म्हणून हे कलम लांबेल.

सायलस ब्रॉडहर्स्ट हे केंटहून इथे नेमलेले तटरक्षक. त्या काळी तटरक्षकाला मुद्दाम परमुलखात पाठवत, म्हणजे चोरटा माल आणणारे त्याचे मेहुणे निघू नयेत. डिसेंबर १८४३ मध्ये आमच्या खडकांवर एक नॉर्वेजियन जहाज फुटले. अकरा खलाशांपैकी दहांची प्रेते मिळाली. आणखी एक प्रेत मिळाले ते तटरक्षकाच्या जॅकेटात. खडकांनी चेहरा ठेवला नव्हता. खापरपणजी केझाया हिने 'हा माझाच नवरा' असे शपथेवर सांगितले. दगड बसला: 'परक्यांचे प्राण वाचवताना बुडाला.' डोक्याशी मोठा दगड, पायाशी छोटा.

१९७४ साली मी त्यांच्यावर पुस्तिका लिहिली. आमच्या गावात वीरपुरुष नव्हता, तो मी पुरवला. पुस्तिकेतून समिती निघाली, समितीतून वार्षिक समारंभ, बँड, केशरी पाव आणि अध्यक्ष म्हणून डिगरी, तोही तटरक्षकाची टोपी घालून. हे सगळे पाप माझे आहे, आणि ते मी इथे लेखी कबूल करते.

कारण १९९० साली आयर्लंडात, वेक्सफर्डच्या एका चर्चच्या आवारात दगडांवरचा मजकूर उतरवून घेताना मी आरसा कलता केला आणि वाचले: 'सायलस ब्रॉडहर्स्ट, जन्म डील, केंट. किराणा व्यापारी, पूर्वी कॉर्नवॉल येथे तटरक्षक. मृत्यू १८७९.' शेजारी 'प्रिय पत्नी ब्रिजेट' आणि सहा मुले. गृहस्थ पळून गेला, दुसरा संसार थाटला, इथवर मी समजू शकते. पण जुन्या नोकरीची फुशारकी थडग्यावरही सोडवली नाही! हा गुण आमच्या घराण्यात अजून आहे. समितीचा अध्यक्ष पाहावा.

मग आमच्याकडे पुरलेला तो कोण?

आमच्या घरात एक रीत होती. दर डिसेंबरात त्या थडग्यावर फुले वाहायची, पण डोक्याशी नाही. पायाकडच्या दगडाच्याही पलीकडे. लहानपणी मी दगडाला टेकवून ठेवायची, तर बाबा म्हणायचे, "आणखी एक पाऊल पुढे ठेव गं. आजोबांचे पाय उघडे पडतील." त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले, वडिलांना त्यांच्या आईने, आणि तिला केझायाने. का, ते कोणी विचारले नाही.

डिगरीने अध्यक्ष होताच समारंभाची फुले डोक्याकडे हलवली; माझी जुडी मी दर वर्षी जुन्या जागीच ठेवत राहिले.

"अगं थर्झा, फोटोत फुलं दिसायला नकोत का?"

"ती पायाशी ठेवतात, डिगरी."

"पाय इथं संपले की! हा बघ दगड. पुढे काय, त्यांची चप्पल ठेवलीय?"

सगळे हसले. मी घरी आले आणि कागद काढून बसले. नोकरीच्या नोंदीत सायलसची उंची पाच फूट पाच इंच, आणि थडग्याच्या दोन दगडांतले अंतरही तेवढेच. गावच्या सुताराच्या वहीत त्याच्या शवपेटीची लांबी सहा फूट सहा इंच. नवऱ्याची उंची बायकोला कळत नाही असे मी अविवाहित असले तरी मानायला तयार नाही. केझायाने त्या प्रेताकडे पाहिले, जॅकेट ओळखले, माणूस ओळखला नाही आणि शपथ घेतली. त्या नवऱ्यापासून सुटायला तिला याहून बरी संधी मिळाली नसती. जॅकेट त्या खलाशाच्या अंगावर कसे गेले, याबद्दल माझी दोन मते आहेत. सोमवार ते शनिवार मला वाटते, पळायचे म्हणून सायलसने ते प्रेतावर चढवले. रविवारी वाटते, गारठलेल्या माणसाला त्याने पांघरले आणि पळायचे नंतर सुचले.

चर्चच्या पेटीत त्या वर्षीच्या नोंदवहीत एक पत्र आहे. नॉर्वेतल्या अरेंदालहून, कोणाकडून तरी इंग्रजीत लिहवून घेतलेले. गुन्हिल्ड नावाच्या आईने पाळकसाहेबांना विचारले आहे: 'माझा टोलेफ तुमच्याकडे पुरला आहे का? ओळखायला सोपा आहे. प्रत्येक दारात वाकतो.' उत्तराची नक्कलही आहे. दहा जण पुरले, त्यांत इतका उंच कोणी नाही, कळावे.

पाळक खोटे बोलला नाही. केझाया बोलली. आणि मग आयुष्यभर, आपल्यामुळे कोणाच्या तरी आईला मुलगा सापडला नाही हे जाणून, त्याच्या खऱ्या पायांशी फुले ठेवत राहिली. मला या बाईचा राग येत नाही. मला माझा येतो. मी एकोणीस वर्षे गप्प बसले, कारण पुस्तिकेवर माझे नाव होते.

कलम ५. म्हणून पायाकडचा दगड काढून तेरा इंच पुढे बसवावा आणि त्यावर लव्हडेने 'टोलेफ, गुन्हिल्डचा मुलगा, अरेंदाल' असे कोरावे. मोठ्या दगडावरचे काहीही खोडू नये. खोटे असले तरी ते जुने आहे.

मी हे सांगितले तेव्हा लव्हडे म्हणाली, "थर्झामावशी, डिगरी हे होऊ देईल होय?"

"त्याला विचारलंय कोणी?"

बिशपच्या कचेरीची परवानगी आलेली आहे. हरकतींसाठी सूचना अठ्ठावीस दिवस चर्चच्या दारावर होती. तिसऱ्या दिवशी डिगरीने तिच्यावरच समारंभाच्या केकविक्रीचा कागद टाचला. हरकत आली नाही.

कलम ६. घर आणि माझे सर्व कागद. मृत्युपत्र नसते तर जवळचा नातेवाईक म्हणून दोन्ही डिगरीकडे गेले असते. त्याला संशय आहे. मागच्या महिन्यात गोड आवाजात म्हणाला, "तुझ्यामागे ते कागद मी बघतो हो, काळजी करू नकोस." त्याच्या परसात पालापाचोळा जाळायचे पिंप आहे, ते मी पाहिले आहे. कागद लव्हडेला द्यावेत. घरही तिलाच, कारण ते पत्र, सुताराची वही आणि पाळकाचे उत्तर यांच्या मी उतरवलेल्या प्रती ठेवायला जागा लागते.

तरीही रक्ताचे नाते म्हणून आजोबांचे उभे घड्याळ मी डिगरीला देते. मात्र कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. खाली सही करायला मी त्यालाच बोलावणार आहे आणि 'आधी वाचून बघ' असे दोनदा सांगणार आहे. वाचून त्याने सही नाकारली, तर माणूस सुधारला असे समजून घड्याळ त्याला आनंदाने द्यावे. सही केली, तर घड्याळ लव्हडेचे, आणि तारेचा ब्रशही.

कलम ७. अरेंदालच्या चर्चला पुढील पत्र धाडावे आणि ते तिथल्या दफनभूमीत, गुन्हिल्डबाईंचा दगड सापडल्यास त्याच्यासमोर, मोठ्याने वाचण्याची विनंती करावी:

'बाई, उत्तराला एकशे पासष्ट वर्षे उशीर झाला, माफ करा. तुमचा टोलेफ आमच्याकडेच आहे. आम्ही त्याच्यावर दुसऱ्याचे नाव लिहिले, ती चूक आमची. पण एका बाईला तो केवढा होता हे ठाऊक होते. तिने आणि तिच्या लेकरानातवंडांनी दर वर्षी फुले त्याच्या पायांशीच ठेवली. त्याचे पाय एकदाही उघडे पडले नाहीत.'

या मृत्युपत्रावर मी पोर्थवेडन येथे, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिनांक ११ मार्च २००९ रोजी, खालील दोघांच्या समोर सही केली.

थर्झा मेरी नॅन्कॅरो

साक्षीदार:
१. हिल्डा बॉस्टॉक, टपालवाली
२. डिगरी नॅन्कॅरो, अध्यक्ष, वीर सायलस ब्रॉडहर्स्ट स्मारक समिती