पाठीवरचं बिऱ्हाड

३ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं आणि आईचं बरं आहे ना? इथली बातमी खुर्चीत बसून ऐक. प्रसूतिगृहातून निवृत्त होऊन महिना झाला नाही, तोच मला बोलावणं आलंय. किनाऱ्यापासून थेट डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत जायचं आणि तिथल्या परिचारिकांना शिकवायचं: जन्मलेलं बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटात काय करावं. तीन महिन्यांचा दौरा आहे. मी हो म्हटलंय.

आता घोडं अडलंय कपाटापाशी. अट अशी की आपलं सामान आपणच वाहायचं. काल मोठी बॅग भरून जिना चढून पाहिला, दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. बॅगेत होतं तरी काय? जन्मभर पांढरा गणवेश घातला, त्यामुळे उरलेले कपडे एक तर लग्नाचे, नाही तर झोपायचे. तू नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळतेस, चार कपड्यांत दहा पात्रं उभी करतेस. एक पात्र माझंही कर. रंग मात्र तपकिरी असू दे, मळ दिसत नाही.

आईला तूच सांग. मला धीर नाही.

तुझी माया अशीच राहो,
ताई

१२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

आईला सांगितलं. ती म्हणाली, या वयात विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायची हौस कुठून आली हिला. मग दोन दिवस माझ्याशीसुद्धा अबोला. गुन्हा तुझा, शिक्षा मला, हे लहानपणापासून चालत आलंय.

सोबत पार्सल पाठवते आहे. कपडेपटातला पहिला नियम असा, की ज्या कपड्याचं एकाशीच जमतं तो घरी ठेवावा. तीन सदरे आणि दोन पँटी दिल्यात, कुठलाही सदरा कुठल्याही पँटवर चालेल. डोळे मिटून काढलास तरी शोभेल. कापड रात्री पिळून टाकलं की सकाळी सुकतं, इस्त्री मागत नाही. पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट असं थरावर थर घाल. जाड कोट नको, तो बॅगेत पाहुण्यासारखा ऐसपैस बसतो. घड्या घालू नकोस, गुंडाळ्या कर. पार्सलात एक शालही आहे, ती मात्र वेगळ्या पिशवीत, कायम कोरडी. ती उशी आहे, पांघरूण आहे आणि एखाद्या समारंभात तुझी ऐटही आहे.

तपकिरी पाठवलेला नाही. सदरे निळे, करडे आणि एक डाळिंबी. नाक मुरडू नकोस. इतकी वर्षं पांढऱ्यात काढलीस. आता लोकांना गणवेश नको, तू दिसायला हवीस.

पार्सल मिळाल्याचं कळव, आणि रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

६ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

पार्सल मिळालं, आणि बॅग पाठीवर घेऊन तोच जिना एका दमात चढले. शेजारीण विचारत होती, कुणाकडे जेवायला निघालात का, एवढीशीच पिशवी घेऊन.

किनाऱ्यावरचं काम संपलं. उकाडा असा की सदरा रोज धुवावा लागला, पण सकाळी घालायला तयार. पथकातल्या दोघींच्या चाकांच्या बॅगा वाळूत रुततात, मग आम्ही तिघी मिळून ओढतो. डाळिंबी सदरा पाच दिवस तळाशी ठेवला होता. सहाव्या दिवशी घातला, तर वर्गातल्या मुली म्हणाल्या, आज तुमचा आवाज मोठा वाटतोय. आवाज तोच होता गं. मी जरा ताठ उभी होते एवढंच.

आई बोलते का माझ्याबद्दल?

आठवण ठेव,
ताई

२ जून

चि. धाकटीस पोटभर आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखव.

परवा डोंगरात दरड कोसळून रस्ता बंद झाला. पलीकडच्या वस्तीला जायला झुलता पूल तेवढा उरला. ज्याला पाठीवरचं ओझं घेऊन जमेल त्यानेच यावं, असं वाटाड्याने सांगितलं. दोघी सहकारी बॅगांसह दुसऱ्या वाटेने दोन दिवसांनी येणार, असं ठरलं. मी पुढे झाले. दोन्ही हातांनी दोर धरून एकेक फळी ओलांडली, खाली पाहिलं नाही, खोटं कशाला सांगू. पलीकडे पोचले तेव्हा पावसाने चिंब झाले होते. कोरडे कपडे चढवले, हात धुतले आणि लगेच वर्ग घेतला. आरोग्यकेंद्रात एकच परिचारिका, नोकरीला नवी, बाहुलीवर सराव करताना हात कापायचे तिचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच एक बाई अडली. बाळ आलं ते निळंसर, गप्प. पावसाने केंद्रातली फडकी सगळी दमट. मी शाल पुढे केली आणि मागे सरले. माझे हात शिवशिवत होते, पण मी उद्या तिथे नसणार, ती असणार. तिने बाळ पुसलं, पाठ चोळली. काही नाही. मग मान सरळ केली, नाकातोंडावर मास्क बसवला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबू लागली. मोजत होती मोठ्याने, आणि हात जराही कापत नव्हते. बाळ रडलं तेव्हा तीही रडली. नंतर मला म्हणाली, “तुम्ही मागे होतात म्हणून जमलं.” मी म्हटलं, “मी मागे होते. केलंस तू.”

इतक्या बाळांना या हातांनी जगात घेतलं, पण असा अभिमान कधी वाटला नव्हता. शाल तिथेच राहिली. तुझ्या हिशेबातून ती वजा कर.

सगळ्यांवर जीव असू दे,
ताई

११ जून

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवलं. पुलापाशी तिने माझं मनगट धरलं, ते बाळ रडेपर्यंत सोडलं नाही. मग कपडेपटात नेऊन वाचलं. सगळी शिलाईयंत्रं थांबली होती. मी काय शिवलं ते विसरून सगळ्या विचारत होत्या, बाळ मुलगा की मुलगी? तेवढं लिहायचं राहिलं तुझं.

दाराशी कुणीही आलं की आई आता बसवून घेते. परवा गॅसवाल्याला अर्धा तास धरून ठेवलं. माझी थोरली डोंगरात शिकवते, एकटी पूल ओलांडून गेली, वगैरे. ऐकताना मी आत भांडी घासत होते आणि ती दोन-तीनदा घासली गेली.

शेवटची ओळ आई स्वतः लिहिणार म्हणून हट्ट धरून बसली आहे, तेव्हा नमस्कार इथेच. आमचा लोभ तुझ्या वाटेवर पुढे पुढे चालतो आहे.
धाकटी

बाळे, लवकर ये असं लिहिणार होते. काम पुरं करून ये. आई.