भरल्या पानावरची सवाष्ण

चौबे कॉलोनी, रायपूर

चि. स्वरदास आईचे आशीर्वाद.

मस्कतला तुझ्या खालच्या मजल्यावर राहणारी विनीता तुझ्याबद्दल काय पसरवते, ते तू मला सांगितलंच नाहीस. मला ते महालक्ष्म्यांच्या जेवणात कळलं. तिची आई, तुझी रमाकाकू, दरवर्षीप्रमाणे आपल्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला बसली होती. मी पुरणावर तूप वाढत होते, तर सगळ्या बायांसमोर म्हणाली, "काहो वैनी, स्वरदाले रोज पहाटे कोणाची गाडी सोडून जाते म्हणते?"

हॉस्पिटलची गाडी, रात्रपाळीच्या सगळ्याच नर्सना ती घरी सोडते, हे अगदी ओठावर आलं होतं. पण देवीच्या पंक्तीत सवाष्णीशी वाद घालू नये, तिला भरल्या पानावरून उठवू नये, म्हणून मी म्हटलं, "अजून एक पोळी घ्या." तिने घेतली. ओटीही भरून नेली. संध्याकाळी मंदिरात सांगून राहिली होती, "माय काहीच बोलली नाही, म्हणजे खरंच असन."

तुझे बाबा म्हणतात, "काहून राहायचं तिथे? बोलव पोट्टीले परत." काल तूही कारण न सांगता फोनवर विचारलंस, आई, येऊन जाऊ का? येऊ नकोस. तिथे एकटी विनीता बोलते, इथे आपल्याच घरचं जेवून बोलतात.

त्या दिवशी मी देवीचा मान राखला आणि तुझा जाऊ दिला. हे तुला वाचू द्यायची माझी हिंमत नाही. उद्या फोनवर एवढंच सांगेन, की नोकरी सोडू नको.

तुझी,
गप्प राहिलेली आई