काकांचं एरंडेल आणि जीपचे ब्रेक

मल्हारगंज, इंदूर (मध्यभारत)
ता. १६ नोव्हेंबर १९५४

वडीलबंधूंच्या जागी असलेले श्री. अच्युतराव यांना, त्यांच्या बहिणीला गेली बावीस वर्षं सांभाळून असलेल्या पांडुरंगाचा नमस्कार.

जुन्या मोटारीला नवे ब्रेक बसवायला खरा खर्च किती आला, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. लिहून घ्या. महूच्या लष्करी लिलावातली मोडकी जीप, दोनशे सत्तर रुपये. मिस्त्रीची मजुरी, पंच्याऐंशी. तेल, घरचंच. सोन्याच्या पाटल्या, चार तोळे, घडणावळ धरून तीनशे सदतीस रुपये आठ आणे. (ब्रेकला पाटल्या कुठे लागतात, असं विचाराल. लागतात.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? इकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम, दत्तोपंतकाकांची तर जरा जास्तच उत्तम. त्याचं कारण पुढे येईलच.

मोटार तुम्ही पाहिलेली आहे. सन एकोणतीसची, पितळी दिव्यांची, सरदारांच्या तबेल्यातून मी सोडवून आणलेली. तिचे जुने ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना होते, तेही सळयांनी ओढायचे. पेडल दाबून अथर्वशीर्ष सुरू करावं, फलश्रुतीला गाडी उभी राही. बरं, चारूला पाहायला ग्वाल्हेरहून कृष्णराव आणि सुलोचनाबाई येणार, मुलगा श्रीपाद तिथे सरकारी कचेरीत, म्हणजे घराणं जुन्या दरबारी वळणाचं. मी कोण? गिरणीतला फिटर, आता तीन पिठाच्या चक्क्यांचा मालक. पोरीचं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून म्हटलं, पाहुण्यांना स्टेशनावरून मोटारीनं आणू, आणि ती वेळेवर थांबवू.

काम दिलं जयसिंगराव मिस्त्रींना. (संस्थानी मोटारखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस, तोंडात कायम पान.) त्यांनी जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आमच्या मोटारीखाली चढवले. गाडी वीतभर उंच झाली आणि इतकी कडक, की पहिल्याच खड्ड्यात माझी टोपी छताला चिकटून राहिली. मग प्रत्येक पाट्यातल्या दोन दोन पट्ट्या काढल्या, तेव्हा बसणारे बसलेले राहू लागले. ब्रेक मात्र जीपचे अस्सल, चारही चाकांना, तेलाच्या दाबावर चालणारे. अच्युतराव, बढाई म्हणून सांगत नाही, पण पंचवीस वर्षांच्या म्हाताऱ्या मोटारीला असे ब्रेक सबंध मध्यभारतात माझ्या एकट्याकडे!

अडलं ते तेलाशी. ब्रेकचं खास तेल मुंबईहून यायला पंधरवडा लागणार, आणि पाहुणे रविवारी. जयसिंगराव म्हणाले, "भिया, फिकर मत करो. एरंडेलात थोडं स्पिरिट घाला, लढाईत आम्ही अशाच गाड्या पळवल्या." एरंडेल आमच्याकडे असतंच. तुमची रमा दर रविवारी सकाळी काकांना दोन चमचे पाजते, आणि काका तोंड वेडंवाकडं करून ते घेतात. गुरुवारी ती बाटली मी आख्खी ब्रेकमध्ये ओतली. स्पिरिट नीट मिसळत नव्हतं, तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कानांचा माणूस. चक्कीच्या आवाजावरून दगडाला टाकी कधी घालायची ते सांगतो, डोळ्यांचं काम रमाकडे.

रविवारी स्टेशनावरून निघालो. चार लोकांनी पाहावं म्हणून मुद्दाम राजवाड्यावरून गाडी घेतली. मागच्या सीटवर सुलोचनाबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजत होत्या, की माणूस चक्कीवाला, मोटार मागून आणलेली असणार, चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ. इंजिनाच्या आवाजातही मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तेवढ्यात चाकांतून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, गाडी जड होत गेली, आणि सराफ्यात, एका पेढीच्या बरोबर दारात, चारही चाकं आवळून उभी राहिली. पेडलवर माझा पायसुद्धा नव्हता! आणि मागून कुजबूज आली, "अहो, इथे मुद्दाम थांबवली वाटतं. माणूस समजूतदार दिसतो."

बास. मी उतरलो, दार उघडलं आणि म्हटलं, चारूसाठी पाटल्या घ्यायच्याच आहेत, पण पसंती तुमची हवी. सुलोचनाबाईंनी तासभर पसंती केली. (कमी वजनाचं त्यांना काही दिसतच नाही.) तिथून घरी पायीच आलो, आणि पोहे संपायच्या आत सोयरीक ठरली.

दुपारी जयसिंगराव सराफ्यात गाडीखाली शिरले. बोटावर तेल घेऊन चाटलं आणि ओरडले, "ये तो मूंगफली का तेल है!" त्या तेलानं ब्रेकमधली रबरं फुगून चाकं आवळली होती. घरी येऊन मी आणि रमानं काकांकडे नुसतं पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, की गेलं वर्षभर प्रत्येक नवी बाटली मोरीत रिकामी करून आपणच तीत गोडेतेल भरत आलो. "रबर फुगलं असेल, मी नाही फुगलो!"

चारू तुमच्या आशीर्वादाची वाट पाहते आहे. लग्न मार्गशीर्षात. तुम्ही उभयतांनी आठ दिवस आधी यावं, स्टेशनावर मी स्वतः मोटार घेऊन हजर राहीन.

तुमचा,
पांडुरंग

ता.क. येताना मुंबईहून ब्रेकच्या खऱ्या तेलाचे दोन डबे आणि जीपच्या ब्रेकची रबरं, आठ नग, जरूर आणा. विसरू नका. कृष्णरावांनी हट्ट धरला आहे, की वरात घोड्यावरून नाही, ह्याच मोटारीतून काढायची.

ता.क. दुसरा. रमानं नवी बाटली आणली आहे. ती कुलपात असते, आणि काका आजकाल रविवारी पहाटेच देवळात जातात.

ता.क. तिसरा. गाडी घरी आणायची म्हणून जयसिंगरावांनी सगळं तेल सोडून दिलं. तेव्हा स्टेशनाबाहेर टांगा करून या. मोटारीला सध्या एकही ब्रेक नाही.