सेवंतीचा नवा जबडा

वडोदरा, ४ नोव्हेंबर

चि. सेवंतीलाल यास मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. नीरवची आई केकात अंडं घालते, एवढ्यावरून तू जिनलचं ठरलेलं लग्न मोडलंस. तुझी लेक माझ्याकडे येऊन रडते आहे. त्यांच्याच दिवाणखान्यात बसून तू ऐकवलंस म्हणे, की आमच्या तोंडात जीवाचा कणही जात नाही.

एप्रिलमध्ये दवाखान्यात तुझ्या शेजारी मीच होते, विसरलास? डॉक्टर म्हणाले, जबड्याचं हाड झिजलंय, नवे दात रोवायला आधार नाही. आधी भुकटी भरून हाड वाढवू. एक भुकटी कारखान्यात बनवलेली, दुसरी गाईच्या हाडाची. तू विचारलंस, पक्की कुठली. गाईची म्हणताच मान डोलावून मोकळा झालास. जैन म्हणून बटाट्यालाही न शिवणारा माणूस.

आमच्या मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ढोंग्यांना बाकावर उभं करत. तुला मुलगा म्हणून ते सुख मिळालं नाही.

तुझी, सरयूबेन


अहमदाबाद, ९ नोव्हेंबर

ती. मोटीबेन हिच्या सेवेशी, जय जिनेंद्र, वि. वि.

औषधाची गोष्ट वेगळी. ती भुकटी भाजून शुद्ध केलेली असते. शिवाय परवाचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत जबड्याने ती आपलीशी केली, जुनं-नवं ओळखू येत नाही. म्हणजे ते हाड आता माझंच. गाय उरली कुठे?

तुझ्या भाभीला यातलं काही ठाऊक नाही. आपल्या जैन संघात कुणापाशी बोलू नकोस.

राग सोडून माया ठेव.
सेवंती


वडोदरा, १३ नोव्हेंबर

चि. सेवंतीलाल यास आशीर्वाद, वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं लिहिलंस. सहा महिन्यांत गाय तुझी होते, तर नीरव का होणार नाही? तो तर चांगला वाण्याचा मुलगा आहे, आणि त्याला भाजायचीही गरज नाही.

रविवारी त्याचे आईवडील माझ्याकडे जेवायला येताहेत. भाभीला घेऊन तूही ये आणि मोडलेलं पुन्हा जोड. आलास, तर मी हवापाण्याच्या गप्पा मारीन. नाही आलास, तर भाभीला दवाखान्याची सगळी हकिकत सांगायला मीच अहमदाबादला येईन.

केक बिनअंड्याचा आहे. नवे दात बसले नसतील तर भिजवून देईन.

तुझ्या जबड्याचंही शुभ चिंतणारी,
सरयूबेन