आईंचा मंगळवार

३० नोव्हेंबर १९८६
लग्नाची गडबड संपली आणि आज पहिल्यांदा स्वतःशी निवांत बसायला मिळालं. नाहूरचं हे घर मला आवडलं. तळमजल्यावर दोन खोल्या, मोरीच्या दाराबाहेर हातभर जागा. तिथे सासूबाईंनी अळू आणि गवती चहा लावलाय. लालबागला आम्ही सातजण एका खोलीत. इथे आज दुपारी पाय पसरून झोपले आणि कुणाचाही पाय लागला नाही, तर एकटीलाच हसू आलं.

हे मुलुंडला चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला आहेत. बोलतात कमी, पण समोरचा बोलत असला की हातातलं काम ठेवून ऐकतात. असं माझं कुणी ऐकलं नव्हतं. आई, म्हणजे सासूबाई, मालवणकडच्या. नाव द्रौपदी. आवाज मोठा, हात सढळ. मला म्हणाल्या, "ह्या घर आता तुझा, माका इचारीत बसू नको."

काल जेवताना मात्र एक गंमत फसली. माझे बाबा गिरणीत मागावर होते. गिरणीत मागाला साचा म्हणतात. गिरणी बंद झाली, मालकांनी साचे उचलून इथेच हायवेपलीकडे, मिठागरांच्या कडेच्या शेडमध्ये नेले आणि त्यावर प्रयोगशाळेत वाढवलेली माणसं उभी केली. एकाच्या रक्तापासून पन्नास, साठ. पाच-सहा वर्षांत बाप्याएवढे होतात, संप करत नाहीत, घरी जात नाहीत. लोक त्यांना 'साच्यातले' म्हणतात. माझा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश त्यांची नक्कल भारी करतो, तीच मी करून दाखवली. मान ताठ, डोळे उघडे, हात एका लयीत. आई ताटावरून उठून आत गेल्या. हे हसले, पण जरा उशिरा.

९ डिसेंबर
दिवस छान चाललेत. स्टोव्हच्या वाती मी बदलल्या, आता काजळी धरत नाही. रविवारी हे मला मुलुंडच्या बाजारात घेऊन गेले, अबोलीचा गजरा घेतला आणि माझ्या हातात द्यायचा की डोक्यात माळायचा हे न कळून तसेच उभे राहिले. गजरेवाली हसत होती.

आई दर मंगळवारी दुपारी देवळात जातात. मोठा डबा भरून घावणे नेतात. मी म्हटलं, मीही येते. म्हणाल्या, नवी नवरी उन्हात कशाला. एवढे घावणे देवाला लागतात का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं.

१८ डिसेंबर
आज एक विचित्र झालं. चहा उकळता होता. स्टीलचा पेला मला पदरानेही धरवेना, तो ह्यांनी मुठीत धरला आणि पेपर वाचत बसले. मी ओरडले तेव्हा पेला खाली ठेवला. तळवा लालभडक. म्हणाले, अगं, कळलंच नाही. मग दोघं हसलो. भिंगं घासून हात राठ झालेत म्हणाले.

२६ डिसेंबर
राठ नाहीत. मी चिमटा काढून बघितला. मनगटापर्यंत काहीच कळत नाही. दुकानात परवा दोन भिंगं फुटली, मालक बोलला. मी डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर आई अशा अंगावर आल्या की मी भिंतीला टेकले. "ह्या घरात डॉक्टराचा नाव काढूचा नाय!" नंतर स्वतःच माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आजकाल डॉक्टर आधी बोटातून रक्ताचा थेंब घेतात. शेडबाहेर कुणी साच्यातला पळून आलाय का, ते बघायला. सापडला तर त्याला परत नेतात आणि घरात ठेवणाऱ्याला तुरुंग. पण त्याचं आम्हांला काय? एका थेंबाला आई इतक्या का घाबरतात?

३० डिसेंबर
मंगळवार. आई निघाल्या, मागून मी निघाले.

देऊळ उजवीकडे राहिलं. आई हायवे ओलांडून मिठागरांच्या बांधावरून चालू लागल्या. दोन्हीकडे पांढरे ढीग, डोळे दिपत होते. पुढे तारेची उंच जाळी आणि आत लांबच लांब शेड. आई जाळीशी जाऊन बसल्या, डबा उघडला. भोंगा झाला. आतून माणसं उन्हात आणली, ओळीने. डोकी भादरलेली, अंगात खाकी बंड्या.

पहिला वळला. हे होते.

मी हाक मारणार होते. मग दुसरा वळला. तेही हेच. तिसरा. पूर्ण ओळ. तेच कपाळ, तोच खालचा जाड ओठ, तीच डावीकडे कललेली मान. ते जाळीशी आले आणि आई एकेकाच्या हातात घावणे सरकवत होत्या. "खा रे झिला. तू खा. तू गेल्या मंगळवारी पडलंस मां? खा." मी एक पाऊल मागे घेतलं, पायाखालचं मीठ करकरलं. आवाजाने आईंनी मागे बघितलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांनी. सगळ्यांनी एकदमच.

१ जानेवारी १९८७
आईंनी सांगितलं. रडल्या नाहीत.

त्यांचा एकच मुलगा, जयवंत. गिरणीत होता, दणकट, कधी आजारी न पडणारा. साहेबांनी निवडून त्याचं रक्त घेतलं, कशाला ते सांगितलं नाही. पुढे तो काविळीने गेला. एकोणीस वर्षांचा. काही वर्षांनी आई मिठागरावर मजुरीला जात होत्या, तेव्हा जाळीपलीकडे त्यांना तो दिसला. मग पुन्हा दिसला. आणखी एक. आईंनी शेडच्या भटारखान्यात काम धरलं आणि एक दिवस त्यांतल्या एकाला पिठाच्या गोण्यांच्या टेम्पोतून बाहेर काढलं. तेव्हा तो पंधराएक वर्षांचा दिसायचा. त्याला नाव नव्हतं. मेलेल्या मुलाचं नाव, त्याचा शाळेचा दाखला, सगळं आईंनी त्याला दिलं.

तो म्हणजे हे.

मी विचारलं, यालाच का आणलं? आई म्हणाल्या, "जो हाताक लागलो, तो आणलो. माका सगळे माझेच."

२ जानेवारी
ह्यांना सगळं ठाऊक आहे. मला म्हणाले, लग्नाआधीच सांगणार होतो, आईने शपथ घातली. तू जाणार असशील तर मी लालबागपर्यंत पोचवतो.

मी त्यांच्यासमोर ती नक्कल केली होती. तेच आठवत राहिलं. त्यांचा हात हातात घेतला आणि मग लक्षात आलं, त्यांना ते कळतच नाहीये. म्हणून तो हात माझ्या गालाला लावला. गालावर कुणाचा हात आहे हे मला तरी कळलं.

मी जाणार नाही.

११ जानेवारी
चंद्रप्रकाश आला होता. लग्नात त्याने ह्यांना पोटभर चिडवलं होतं. आता त्याला नवी नोकरी लागली आहे. कुठे ते सांगत नव्हता. बाबांनी घराबाहेर काढलंय म्हणाला. मग बोलला, शेडवर, पहारेकरी.

तेवढ्यात हे अंघोळ करून बाहेर आले. केस ओले, डोक्याला चिकटलेले. चंदूने बघितलं. बघतच राहिला. चहा तसाच टाकून चपला हातात घेऊन गेला.

१३ जानेवारी
आई मंगळवारच्या परत आल्या आणि डबा तसाच ओट्यावर ठेवला. अर्धे घावणे उरले होते. ओळ लहान झालीय म्हणाल्या. आधी हात जातात, मग पाय, मग गिळता येत नाही. एका खेपेचे सगळे एकाच वेळी विझायला लागलेत.

हेही त्याच खेपेचे.

२० जानेवारी
चष्म्याचं दुकान सुटलं. आता हे दिवसभर घरी. पायात चप्पल आहे की नाही ते खाली बघून ठरवतात. माझ्याशी बोलताना मात्र पूर्वीसारखेच. आज म्हणाले, मला पोर हवं होतं, पण त्याचा चेहरा तुझा हवा होता.

मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

२५ जानेवारी
चंदू परत आला. दाराची कडी आतून लावली आणि माझ्या पायाशीच बसला. मी म्हटलं, बोलायचं असेल तर बोल, नाहीतर पोलिसांकडे जा. तर म्हणाला, "ताई, मी काय एवढा हलकट वाटलो तुला?"

शेडमध्ये इंजेक्शन आलंय. ज्यांना दिलं ते उभे राहिले. बाहेर ते मिळत नाही. पण काल एकजण मेलाय आणि हजेरी चंदूच घेतो, म्हणून ते अजून त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याच्या जागी ह्यांना उभं केलं तर कुणाला काय कळणार? चेहरा तोच. तिथे कुणी नाव विचारत नाही.

आईंनी एवढंच विचारलं, मेला त्याला अग्नी दिला का. चंदूने मान खाली घातली. मिठागराच्या चिखलात पुरलं होतं.

२८ जानेवारी
हे नाही म्हणत होते. इथेच राहू दे म्हणाले, माणसासारखा. मी हट्ट केला. मला जिवंत हवेत. मी पाया पडले त्यांच्या. आज घास घशात अडकला, निळे पडले, आणि मग शेवटी हो म्हणाले. माझ्यासाठी.

२९ जानेवारी
सकाळी आईंनी ह्यांचं डोकं भादरलं. केस मी पदरात झेलले. एकेक बट पडत होती तसतसे हे कमी होत होते, आणि ओळीतला कुणीतरी होत होता. खाकी बंडी घातल्यावर मी दुसरीकडे बघितलं. तेवढं करायला नको होतं.

दिवस मावळताना बांधावर पोचलो. चंदू जाळीतल्या फटीशी उभा. हे म्हणाले, मंगळवारी येशील तेव्हा मी तुझ्याकडे बघून हसेन, मग तुला कळेल. आत गेले. वळून बघितलं नाही. तिथले चालताना मागे बघत नाहीत, हे चंदूने शिकवलं होतं.

३ फेब्रुवारी
मंगळवार. आईंबरोबर गेले. ओळ उन्हात आली.

कुणीच हसलं नाही.

मी जाळीला धरून एकेकाचं तोंड बघितलं. हे का? की हे? एकजण माझ्याकडे फार वेळ बघत होता. मी हळूच म्हटलं, अहो. तिघांनी मान वर केली. माणसाचा आवाज ऐकून, बस.

आई सगळ्यांना वाढत होत्या. मला म्हणाल्या, तू पण वाढ. कुणाला? कुणाला वाढू मी?

६ फेब्रुवारी
चंदू म्हणतो, त्या इंजेक्शनने अंग सावरतं आणि मागचं पुसलं जातं. त्याला माहीत नव्हतं. शपथ घेतोय. चौघांना एका दिवशी दिलं, आता त्यालाही ओळखू येत नाही कोण —

मी हट्ट केला होता. हे नाही म्हणत होते.

१० फेब्रुवारी
आज ओळीत फक्त सहाजण. इंजेक्शन सगळ्यांनाच लागू पडलं नाही.

ह्या सहांत असतील. असतीलच. नसतील तर —

आई मोजत नाहीत. जेवढे येतात तेवढ्यांना वाढतात.

१४ फेब्रुवारी
चंदू दारातूनच बोलला. शेड रिकामी करतायत. नवी खेप आणणार, दुसऱ्या कुणाच्या रक्ताची. ट्रकमध्ये भरताना दोघेजण मिठागरात पळाले. कोण ते — त्याने हात जोडले. ताई, मला विचारू नकोस.

१७ फेब्रुवारी
आई आज गेल्या नाहीत. तरी घावणे केले.

दिवा लावत होते. दाराशी कुणीतरी. गुडघ्यापर्यंत मीठ वाळून पांढरं झालेलं. तोच चेहरा. मी धावले, दोन्ही हात धरले. त्याने धरू दिले. पण बघत होता पंख्याकडे, कपाटाकडे, मग माझ्याकडे — जसं पंख्याकडे बघितलं तसंच.

मी विचारलं, कोण तुम्ही? सांगा ना. तुम्हीच ना?

आई पुढे झाल्या. "ये रे झिला, बस." पाट मांडला. त्याने नाव नाही सांगितलं. आईंनी सांगितलं, जयवंत. तो हळू म्हणाला, जयवंत. शाळेतल्या पोरासारखं. परत म्हणाला.

हे असतील आणि पुसले गेले असतील, पायांना तेवढी घरची वाट आठवली असेल. किंवा हे चिखलात आहेत, आणि हा दुसराच, घावण्यांच्या वासावर आलेला. कधीच कळणार नाही. आईंना कळायला नकोच आहे. त्यांचा मुलगा आला. मी काय करू? माझे सगळे नाहीत. माझा एकच —

मी स्टोव्हपाशी बसून लिहितेय. हात थांबला तर ओरडेन, आणि शेजारी येतील.

तो जेवत नाही. आईंना विचारतोय, ही कोण? आई माझ्याकडे बघतायत, तूच सांग म्हणून. तोही बघतोय. उठलाय. इकडेच येतोय. मान डावीकडे —

सगळ्यांचीच तशी असते.

समोर उभा आहे. पुन्हा विचारतोय. सांगते. सांगते त्याला, मी तुमची —