बांबूचं वय

मनामा

तीर्थरूप बाबांना रसिकाचा वाकून नमस्कार.

बांबूचं वय कसं ओळखतात, बाबा? बुरुडाची मुलगी असून मला सांगता आलं नाही.

हे विचारलं आमच्या ऑफिसातल्या लिनने. ती चीनची, तिच्या गावी डोंगरभर बांबू. त्यांची म्हण आहे, तीन वर्षांचा ठेवा, चार वर्षांचा तोडा, सातव्याला राहू देऊ नका. मी म्हटलं, "माझे बाबा तर सदुसष्ट वर्षांचे!" ती हसली नाही. म्हणाली, "ही म्हण माणसाला नाही लावत. वय ओळखणारा म्हाताराच नसला तर म्हण घेऊन करायचं काय?"

आमचे जपानी साहेब म्हणाले, त्यांच्याकडे आयुष्यातल्या वळणाला बांबूचं पेर म्हणतात. पेरावर बांबू संपत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

माझं जेवण वेळेवर होतं. बाहेर आखातातलं ऊन फार, पण ऑफिसात शाल लागते. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली का? आईला विचारून खरं लिहा.

त्या सुजेपायीच मी "सुपं विणणं पुरे" म्हटलं होतं. तुम्ही लगेच फोन आईकडे दिलात, ते अजून डोक्यातून जात नाही. आणि एक कबूल करते. तुमची विणकामाची पडवी रिकामी करायचं आम्हा भावंडांनी, मी आणि जयेशने, तुम्हाला न विचारता ठरवलं होतं.

काल त्याला फोन करून ते रद्द केलं. बांबू तोच तोडेल. कुठला तोडायचा, ते तुम्ही दाखवाल. त्याच्याकडून तसा शब्द घेतला आहे.

तुमची,
रसिका