दहापैकी तीन

॥ श्री ॥
रत्नागिरी, ७ जानेवारी २०२५

चि. भास्करास हेमाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. काल माझा खुब्याचा सांधा बदलला. ज्या दुखण्याच्या धाकाने तू तुझं ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलतोयस, ते मला कुठे भेटलंच नाही बघ! डॉक्टरांनी सांध्याभोवती बधिर करायचं औषध टोचलं होतं. संध्याकाळी वॉकर धरून उभीसुद्धा राहिले. तेव्हा मेल्या, नाटकं पुरेत. काठी टेकत आंब्याच्या कलमांतून फिरतोस ते बघवत नाही. तारीख घे.

लोभ आहेच, हिंमत तेवढी तू ठेव.

तुझी ताई


॥ श्री ॥
रत्नागिरी, १३ जानेवारी २०२५

चि. भास्करास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा, विमलाचा फोन आला. माझ्या शब्दावर तू तारीख घेतलीस म्हणाली, तशी लगेच लिहायला बसले. आता खरं ते ऐक. पत्र टपालात पडलं त्याच संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नर्स विचारायची, दुखणं दहापैकी किती? मी पडले मास्तरीण. उभ्या जन्मात कुणाला सढळ हाताने मार्क दिले नाहीत, ते दुखण्याला देणार होय? तीन सांगितले. तिने तीनला पुरेल तेवढीच गोळी दिली. मी दात आवळून पडून राहिले, व्यायामाला पाय उचलेना. शेवटी नीरजा म्हणाली, "आई, तू खरं सांगितलं नाहीस तर त्यांना कळणार कसं?" तेव्हा कुठे आठ म्हटलं. औषध वाढवलं, आणि आता चालते रे मी, रडतखडत का होईना.

दुखतं, भास्कर. खूप दुखतं. तारीख रद्द केलीस तरी रागावणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


॥ श्री ॥
संगमेश्वर, १७ जानेवारी २०२५

ती. हेमाताईस भास्करचा शि. सा. न. वि. वि.

तारीख रद्द केलेली नाही. भीती वाटते, पण नर्सने विचारलं की मी हातचं राखून सांगणार नाही.

तुझं पत्र विमलाला वाचून दाखवताना मध्येच थांबलो. दुखतंय हे तू मला जन्मात पहिल्यांदा सांगितलंस. भावोजी गेले तेव्हाही विचारलं होतं, तू "बरी आहे" म्हणालीस. मी ते खरं धरलं आणि दुसऱ्याच दिवशी गावी परतलो.

ऑपरेशनआधी तुझ्याकडे येतोय. या वेळी लगेच परतणार नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा भास्कर